कक्षेतले जैवउपग्रह आणि देशादेशांतले सहकार्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जैवउपग्रह म्हणजे नेमके काय?

सजीवांवरचे प्रयोग घेऊन पृथ्वीभोवती फिरणारा, माणूस नसलेला उपग्रह. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार परत येतो: ठरलेले दिवस फिरून त्याची कुपी पॅराशूटने जमिनीवर उतरते आणि प्राणी, बिया, पेशी हाती लागतात. दुसरा परत येत नाही, तो फक्त मोजमापे आणि छायाचित्रे पाठवतो. खर्च, परवानग्या, प्रयोगाची आखणी या सगळ्यात या दोन प्रकारांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, म्हणून प्रयोग ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारावा.

या पानावर मुख्यतः बियॉन मालिकेबद्दल लिहिले आहे. १९७३ मध्ये कॉसमॉस-६०५ पासून सुरू झालेली (सुरुवातीचे उपग्रह कॉसमॉस या नावानेच उडत) ही सोव्हिएत, पुढे रशियन मालिका या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय सहकार्याचा सर्वांत लांब चाललेला नमुना आहे. आजच्या संयुक्त प्रयोगांचे बरेचसे नियम तिच्यावरच घडले.

शीतयुद्धाच्या काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकाच उपग्रहावर कसे आले?

दोघांनाही गरज होती. अमेरिकेचा स्वतःचा बायोसॅटेलाइट कार्यक्रम १९६९ मध्ये आटोपला. त्या वर्षीच्या तिसऱ्या उड्डाणातले बॉनी नावाचे माकड सुमारे नऊ दिवसांनी खाली आणावे लागले आणि उतरल्यावर काही तासांतच दगावले. स्पेस शटल अजून बरेच लांब होते. सोव्हिएत बाजूकडे परत येणारा भरवशाचा उपग्रह होता. नव्या विश्लेषणपद्धती आणि संवेदक मात्र बाहेरून मिळाले तर हवेच होते.

१९७१ मध्ये अवकाश जीवशास्त्र आणि वैद्यक या विषयावर दोन्ही देशांचा संयुक्त कार्यगट झाला, १९७४ मध्ये नासाला आमंत्रण गेले आणि २५ नोव्हेंबर १९७५ रोजी उडालेल्या कॉसमॉस-७८२ वर अमेरिकी प्रयोग होते. दोन देशांतला अवकाश सहकार्याचा मूळ करार १९८२ मध्ये संपला आणि नव्याने झाला नाही. राजकीय संबंध अगदी तळाला गेले होते, तरीही डिसेंबर १९८३ मधल्या कॉसमॉस-१५१४ वर अमेरिकी उपकरणे होतीच. शास्त्रज्ञांच्या पातळीवर कामाची घडी बसलेली होती, म्हणून हे जमले.

कोण काय देत असे?

उपग्रह, रॉकेट, प्राणी आणि उड्डाण सोव्हिएत बाजूचे. उपग्रह कुइबिशेव्ह, म्हणजे आजच्या समारा, इथल्या कारखान्यात बनत. शास्त्रीय नेतृत्व मॉस्कोतल्या जैववैद्यकीय समस्या संस्थेकडे असे. नासाकडून कॅलिफोर्नियातले एम्स संशोधन केंद्र प्रयोग निवडून उपकरणे पाठवी. इंटरकॉसमॉस या सोव्हिएत मित्रदेशांच्या गटातले पोलंड, हंगेरी, बल्गेरिया, रुमानिया, चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनी सामील असत. फ्रान्सही होता आणि १९८७ पासून युरोपीय अवकाश संस्थाही आली.

सुरुवातीच्या काळात पैशांची देवाणघेवाण नव्हती, ज्याने त्याने आपला खर्च सोसायचा. यामुळे हिशेबाचे वाद झाले नाहीत, पण एक मर्यादा आली: पाहुण्या देशाच्या उपकरणाने उपग्रहाच्या विजेवर किंवा रेडिओवर शक्यतो भार टाकायचा नाही. म्हणून पहिल्या उड्डाणांतली अमेरिकी उपकरणे बहुतेक स्वयंपूर्ण डबे होते. गाजराच्या ऊती, माशांची अंडी, फळमाश्या अशा गोष्टींसाठी तेवढे पुरते.

उपग्रहाची रचना कशी असते?

वोस्तोक आणि झेनित या जुन्या सोव्हिएत यानांचाच सांगाडा. सुमारे २.३ मीटर व्यासाची गोल अवतरण कुपी, तिच्यामागे इंजिन आणि उपकरणांचा भाग. एकूण वजन सहा टनांच्या आसपास. प्राणी, हवा शुद्ध करणारी यंत्रणा, कॅमेरे, खाद्ययंत्रे हे सगळे गोलात. जमिनीवर परत येतो तो फक्त हा गोल.

भारहीनतेत प्राण्यांना खायला-प्यायला कसे देतात?

इथेच सर्वांत जास्त प्रयोग फसतात, म्हणून जरा सविस्तर.

कोरडे दाणे चालत नाहीत. चुरा तरंगतो, डोळ्यांत आणि पंख्यांत जातो. म्हणून ओलसर, घट्ट लगद्यासारखे खाद्य ठरलेल्या वेळी ठरलेल्या मापाने नळीतून पुढे ढकलले जाते. लगदा फार सैल झाला तर भिंतीला चिकटतो आणि त्यावर बुरशी धरते. घट्ट झाला तर नळी तुंबते. उड्डाणापूर्वी हाच लगदा, याच नळीतून, याच तापमानाला, पूर्ण मोहिमेपेक्षा जास्त दिवस चालवून पाहणे हा यावरचा खरा उपाय.

पाण्याच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर तो आपोआप वर जात नाही, कारण तिथे वर-खाली असे काही नसतेच. म्हणून पाण्यातली हवा आधी काढून ते भरतात आणि पिशवी दाबून ते पुढे सरकवतात.

हवेचेही तसेच. पृथ्वीवर उच्छ्वासाची गरम हवा वर जाते. कक्षेत ती नाकाशीच थांबते आणि कार्बन डायऑक्साइडचा ढग साचतो. पंखा बंद पडला तर पिंजऱ्यात प्राणवायू असूनही प्राणी गुदमरू शकतो. त्याच हवेच्या झोताने मलमूत्र एका बाजूच्या सापळ्याकडे ढकलले जाते, त्यामुळे पंखा गेला की दोन्ही कामे एकदम बंद पडतात.

प्राण्यांची पूर्वतयारीही लागते. उंदीर याच खाद्यावर, याच पिंजऱ्यात, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार अशा वेळापत्रकात आधीपासून रुळवावे लागतात. जे लगदा खात नाहीत किंवा मारामारी करतात, त्यांना निवडीतच बाजूला काढतात.

तुलना गट किती लागतात? एक पुरत नाही का?

नाही. कक्षेतल्या प्राण्यावर एकाच वेळी भारहीनता, प्रक्षेपणाचा हादरा, बंद जागा, वेगळे खाद्य आणि उतरतानाचा ताण असे सगळे एकदम लादले जाते. यातले कशाने काय झाले हे वेगळे काढायचे तर निदान तीन गट हवेत.

उड्डाण गट प्रत्यक्ष कक्षेत जातो. समकालिक गट जमिनीवर उपग्रहाच्या हुबेहूब प्रतिकृतीत राहतो. त्याला तेच खाद्य, तीच हवा आणि तोच प्रकाश मिळतो. शिवाय प्रक्षेपणाची कंपने आणि उतरतानाचा दाबही यंत्रावर दिला जातो. तिसरा गट नेहमीच्या पिंजऱ्यात राहतो.

समकालिक गट मुद्दाम काही दिवस मागे ठेवतात. कक्षेतल्या केबिनमध्ये त्या दिवशी तापमान किती होते, खाद्य खरेच पडले का, हे दूरमापनावरून, म्हणजे उपग्रहाने रेडिओने पाठवलेल्या मोजमापांवरून, कळते आणि मग जमिनीवर तेच घडवून आणता येते. कक्षेत एका दिवशी पारा चार अंशांनी चढला, तर जमिनीवरही चढवायचा. हा उशीर ठेवला नाही तर तुलना अर्धवट राहते. कॉसमॉस-२०४४ च्या वेळी याशिवाय शेपटीने टांगून मागचे पाय अधांतरी ठेवलेल्या उंदरांचा चौथा गटही होता. भारहीनतेची ही जमिनीवरची नक्कल कितपत खरी ठरते, हे त्यातून तपासता आले.

संयुक्त प्रकल्पात पहिल्यांदा कात्री लागते ती बहुधा या तुलना गटांनाच, कारण ते छायाचित्रात दिसत नाहीत. तिथे कात्री लागू देऊ नका. उड्डाण गट कितीही चांगला असला तरी तुलना गटांशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

उपग्रहात सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवणारे यंत्र, कशासाठी ठेवतात?

कक्षेतच पृथ्वीइतके वजन निर्माण करण्यासाठी. त्यामुळे किरणोत्सार, बंद जागा, हादरे सगळे सारखे राहून फरक फक्त वजनाचा उरतो. ऑगस्ट १९७७ मधल्या कॉसमॉस-९३६ वर काही रॅट, म्हणजे मोठे उंदीर, संपूर्ण उड्डाणभर अशा सेंट्रिफ्यूजमध्ये होते. हाडांची वाढ मंदावण्यासारखे काही परिणाम त्यांच्यात कमी दिसले.

गणित सोपे आहे. त्रिज्या ३२ सेंटिमीटर असेल तर मिनिटाला सुमारे ५३ फेऱ्यांना १ जी, म्हणजे पृथ्वीवरच्याइतके वजन, मिळतो. अडचण अशी की प्राण्याचे पाय कडेला आणि डोके केंद्राजवळ असते. डोके पायांपेक्षा ५ सेंटिमीटर आत असेल तर तिथे साधारण ०.८५ जी एवढेच मिळते. शिवाय मान वळवली की आतल्या कानाला गोंधळात टाकणारे बल जाणवते. त्यामुळे लहान सेंट्रिफ्यूजमधला १ जी म्हणजे जमिनीवरचा १ जी, असे लिहू नये.

उपग्रह उतरल्यावर काय करतात?

वेळेशी शर्यत. वजन परत आल्याच्या क्षणापासून स्नायू आणि रक्त बदलू लागतात. तुम्हाला भारहीनतेचा परिणाम मोजायचा आहे, परतीचा नव्हे. म्हणून उतरण्याच्या जागीच तंबूत किंवा फिरत्या प्रयोगशाळेत काम सुरू होते.

दोन उड्डाणांची तुलना पाहा. सप्टेंबर १९८७ मधला कॉसमॉस-१८८७ ठरलेल्या ठिकाणापासून फार दूर, याकुतियात मिर्नी शहराजवळ थंडीत उतरला. रॅटच्या ऊती हाती येईपर्यंत दोन दिवसांहून जास्त वेळ गेला. १९८९ मध्ये कॉसमॉस-२०४४ जागेवर उतरला आणि ऊती काही तासांत गोठवल्या गेल्या. दोन्हींतल्या स्नायूंचे निष्कर्ष जिथे वेगळे पडतात, तिथे कारण भारहीनता की मधले दोन दिवस, हे दरवेळी तपासावे लागते. प्रत्येक नमुन्यावर उतरल्यापासूनचे तास-मिनिटे लिहिण्याचा आग्रह त्यासाठीच आहे. तारीख पुरेशी नाही.

एकाच प्राण्याच्या ऊती किती जणांत वाटतात?

जितक्या पुरतील तितक्यांत. एका रॅटची डावी मांडी एका देशाकडे, उजवी दुसऱ्याकडे, मणके तिसऱ्याकडे, अशी वाटणी उड्डाणाच्या कितीतरी आधी कागदावर ठरते. कोणता अवयव किती मिनिटांत काढायचा, कशात बुडवायचा, कोणत्या रंगाच्या झाकणाच्या कुपीत टाकायचा, हे सगळे त्यात असते.

कळीचा मुद्दा क्रमाचा. आरएनए पाहणाऱ्याला पहिल्या काही मिनिटांत ऊती हव्यात. हाड पाहणारा थांबू शकतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ऊती टिकवणारे ग्लुटाराल्डिहाइड हे रसायन लागते, आणि त्यात गेलेला तुकडा एन्झाइम मोजायला निरुपयोगी होतो. हा क्रम शास्त्रीय गरजेने ठरवावा, ज्येष्ठतेने नव्हे. सगळ्या गटांचे सदस्य एकत्र बसून निदान एक पूर्ण रंगीत तालीम, खऱ्या घड्याळावर, करतात. कोणाची कात्री कमी पडते, कोणाची लेबले गोठल्यावर गळून पडतात, ते तिथेच कळते.

गोठवलेले नमुने दुसऱ्या देशात नेताना काय अडते?

विमानापेक्षा कस्टम्समध्ये जास्त अडते. काही पक्क्या गोष्टी:

- कोरड्या बर्फाचे तापमान उणे ७८.५ अंश असते आणि तो सतत उडून जातो. प्रवासाला लागेल त्याच्या दुप्पट वेळ पुरेल एवढा भरा. पेटी हवाबंद करू नका, वायू साचून ती फुटते. त्यावर धोकादायक मालाची यूएन १८४५ ही खूण लागते.
- संसर्गाची शक्यता असलेले निदानाचे किंवा संशोधनाचे नमुने यूएन ३३७३ खाली तिहेरी वेष्टनात जातात.
- द्रव नायट्रोजन सांडू शकेल असे भांडे विमानातून नेण्यावर बंधने असतात. त्यासाठी ड्राय शिपर वापरतात, ज्यात नायट्रोजन सच्छिद्र थरात शोषलेला असतो. तो आधी नीट भरून, जास्तीचा ओतून, वजन करून ठेवावा. वजन नेहमीपेक्षा झपाट्याने घटू लागले तर निर्वात कवच गेले असे समजा.
- तापमान नोंदवणारे उपकरण पेटीत ठेवा. नमुने पोहोचले तेव्हा गोठलेले होते, एवढ्याने भागत नाही. मध्ये वितळून पुन्हा गोठले असतील तर ते डोळ्यांना कळत नाही.
- सगळे नमुने एकाच खेपेत पाठवू नका.

अवकाशात पिल्ले जन्माला आली का?

१९७९ च्या कॉसमॉस-११२९ वर नर-मादी रॅट एकत्र ठेवून पाहिले. पिल्ले झाली नाहीत. १९८३ च्या कॉसमॉस-१५१४ वर आधीच गाभण असलेल्या दहा माद्या पाठवल्या. गर्भ वाढीच्या साधारण १३ व्या ते १८ व्या दिवसांत कक्षेत होता. परतल्यावर पाच माद्यांचे विच्छेदन झाले आणि उरलेल्या पाच जमिनीवर व्यायल्या. म्हणजे गर्भारपणाचा एक तुकडा कक्षेत निभावला, संपूर्ण चक्र नाही.

माकडांचे प्रयोग का थांबले?

१९८३ ते १९९७ या काळात सहा उड्डाणांत प्रत्येकी दोन ऱ्हीसस माकडे गेली. शेवटचे उड्डाण बियॉन-११: २४ डिसेंबर १९९६ ते ७ जानेवारी १९९७, माकडे लापिक आणि मुल्तिक. दोघेही जिवंत परतले. दुसऱ्या दिवशी भूल देऊन स्नायू आणि हाडाचा तुकडा काढताना मुल्तिक दगावला. कक्षेतून नुकत्याच परतलेल्या शरीराला भूल जास्त धोक्याची ठरू शकते, असे चौकशीतून पुढे आले आणि एप्रिल १९९७ मध्ये नासाने पुढच्या माकड-उड्डाणातून अंग काढून घेतले.

हा निर्णय योग्यच होता. जी माहिती अंतराळवीरांच्या संमतीने मिळू शकते, तिच्यासाठी माकडाचा जीव पणाला लावण्याचे समर्थन तेव्हाही कठीण होते. संयुक्त प्रकल्पात प्राण्यांबाबत सहभागी देशांतला सर्वांत कडक नियम सगळ्यांना लागू, अशी अट करारातच असावी.

अलीकडची उड्डाणे कशी गेली?

बियॉन-एम१ हे १९ एप्रिल ते १९ मे २०१३ असे ३० दिवस, सुमारे ५७५ किलोमीटर उंचीवर फिरले. ४५ माउस, म्हणजे छोटे उंदीर, गेले, १६ जिवंत परतले. मंगोलियन जर्बिल हे उंदरासारखे प्राणी आठही दगावले. पाली मात्र वाचल्या. मृत्यूंचे मोठे कारण भारहीनता नव्हे, उपकरणांतला बिघाड होता. एका गटाचे खाद्ययंत्र बंद पडले की त्यावरचे सगळेच प्राणी जातात. यंत्रे जितकी स्वतंत्र, तितका तोटा मर्यादित.

बियॉन-एम२ हे २० ऑगस्ट २०२५ रोजी ७५ माउस घेऊन जवळजवळ ध्रुवीय कक्षेत गेले आणि १९ सप्टेंबरला परतले. ध्रुवांवरून जाताना किरणोत्सार जास्त मिळतो, म्हणून ही कक्षा निवडली होती.

प्राणी न पाठवता काय करता येते?

पुष्कळ. फोटॉन या परत येणाऱ्या रशियन उपग्रहांच्या बाहेरच्या बाजूला युरोपीय अवकाश संस्थेचे बायोपॅन नावाचे झाकणाचे भांडे असे. कक्षेत झाकण उघडायचे, आतल्या नमुन्यांना थेट निर्वात आणि सूर्यप्रकाश द्यायचा, उतरण्याआधी झाकण बंद. २००५ च्या फोटॉन-एम२ वर दगडफुले म्हणजे लायकेन त्यातून सुखरूप परतले. २००७ च्या फोटॉन-एम३ वर टार्डिग्रेड, म्हणजे पाणअस्वले हे सूक्ष्म प्राणी, उघड्या अवकाशात सुमारे दहा दिवस राहून आली. निर्वात त्यांनी चांगले सोसले. सूर्याच्या अतिनील किरणांनी मात्र बहुतेकांचा बळी घेतला.

इथला लपलेला धोका म्हणजे रॉकेट. ऑक्टोबर २००२ मध्ये फोटॉन-एम१ प्लेसेत्स्कहून उडताच अर्ध्या मिनिटाच्या आत कोसळले, एक सैनिक मृत्युमुखी पडला आणि अनेक देशांचे प्रयोग एकदम गेले. म्हणून नमुन्यांचा दुसरा संच जमिनीवर तयार ठेवावा.

परत न येणाऱ्या छोट्या उपग्रहांचे काय?

स्वस्त, पण दुरुस्तीला वाव नाही. जर्मनीचा यू-क्रॉपिस हा उपग्रह डिसेंबर २०१८ मध्ये कक्षेत गेला. स्वतःभोवती फिरून चंद्र आणि मंगळाइतके वजन निर्माण करायचे आणि त्यात टोमॅटो वाढवायचे, अशी योजना होती. नासा एम्सचा एक प्रयोगही त्यावर होता. उपग्रह नीट चालला, पण सॉफ्टवेअरच्या अडचणीमुळे टोमॅटोची हरितगृहे सुरूच करता आली नाहीत. बी सुकेच राहिले. पाणी सोडण्याचा आदेश मुख्य संगणकाला टाळूनही देता यावा, अशी साधी पर्यायी वाट ठेवणे एवढा धडा त्यातून घ्यावा.

अवकाशस्थानक असताना उपग्रह कशाला?

स्थानकावर माणसे असल्याने तीव्र किरणोत्सार असलेली कक्षा, घातक रसायने किंवा रोगजंतू यांवर बंधने येतात. माणसांच्या हालचालींमुळे सूक्ष्म कंपनेही होतात. उपग्रहाची कक्षा आपल्याला हवी ती निवडता येते. उलट, मध्येच माध्यम बदलायचे किंवा बिघडलेली नळी सोडवायची असेल तर माणसाला पर्याय नाही.

भारताचा यात काय वाटा आहे?

इस्रोने जानेवारी २००७ मध्ये एसआरई-१ ही कुपी १२ दिवसांनी बंगालच्या उपसागरातून परत मिळवून स्वतःचे परतीचे तंत्र सिद्ध केले. ३० डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० उड्डाणात रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर, पोएम-४ वर, बंद पेटीत चवळीच्या आठ बिया होत्या. चार दिवसांत त्या रुजल्या आणि पुढे पानेही फुटली. त्याच पोएमवर मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाचा पालकाच्या पेशींचा प्रयोग होता. हे दोन्ही प्रयोग परत न येणारे, म्हणून सगळी भिस्त कॅमेऱ्यावर आणि संवेदकांवर.

आंतरराष्ट्रीय बाजूने, जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनी अ‍ॅक्सिऑम-४ मोहिमेत अवकाशस्थानकावर भारतीय संस्थांचे प्रयोग केले. त्यांत मेथी आणि मुगाला मोड आणणे, सूक्ष्मशैवाल, स्नायूपेशी आणि टार्डिग्रेड होते.

आमच्या कॉलेजला असा प्रयोग पाठवायचा आहे. सुरुवात कुठून करू?

प्रश्न एकच ठेवा आणि तो कक्षेशिवाय सुटणार नाही याची खात्री करा. बऱ्याच गोष्टी क्लिनोस्टॅटवर, म्हणजे नमुना सावकाश फिरवत ठेवणाऱ्या यंत्रावर, जमिनीवरच तपासता येतात. मग पुढच्या क्रमाने जा:

१. सजीव असा निवडा जो वाट पाहू शकेल. प्रक्षेपण महिनाभर पुढे जाणे नेहमीचेच. कोरडे बी, बीजाणू किंवा सुप्त टार्डिग्रेड थांबतात. गाभण मादी थांबत नाही.

२. पेटी बंद करून जमिनीवर पूर्ण मुदतीपेक्षा जास्त काळ चालवा. हवा, ओलावा आणि तापमान नोंदवा. रोपाच्या मुळांभोवती पाण्याचा थर साचून मुळे गुदमरतात, हा सर्वांत नेहमीचा अपयशाचा प्रकार आहे. त्यासाठी पाणी थोडेथोडे सोडा आणि माध्यम सच्छिद्र ठेवा.

३. कंपन, निर्वात आणि उष्णता-थंडीच्या चाचण्या करा. डिंकाने चिकटवलेली काच आणि सैल जोडणी इथे उघडी पडतात.

४. भारतातून जायचे तर इन-स्पेस या संस्थेमार्फत अर्ज होतो. प्राणी वापरणार असाल तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आधी लागते.

५. परदेशी भागीदार असेल तर लेखी करारात चार गोष्टी असू द्या: कच्ची माहिती कोणाकडे आणि किती दिवसांत, नमुन्यांची मालकी, शोधनिबंधावर नावांचा क्रम, आणि उड्डाण फसले तर पुढच्या जागेवर हक्क कोणाचा.

एकक आणि वेळ कोणती वापरायची?

सगळीकडे जागतिक प्रमाणवेळ आणि मेट्रिक एकके. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्याने हातनोंदीत अर्ध्या तासाची चूक हमखास होते. संयुक्त नोंदवहीत स्थानिक वेळ लिहूच नका. घड्याळे तालमीच्या दिवशी जुळवून घ्या आणि नमुना काढणाऱ्याने वेळ मोठ्याने सांगायची, दुसऱ्याने लिहायची, अशी जोडी ठेवा.